'तुम्ही बसा' म्हणण्याआधी : उतारवयात हिंडतं-फिरतं राहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरात घरोघरी जाऊन ज्येष्ठांचे व्यायाम घेते. पूर्व भागातल्या हातमाग-यंत्रमागांच्या घरांपासून जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटपर्यंत, निघताना उंबऱ्यात उभं राहून लोक जे विचारतात ते इथं एकत्र केलंय. काही उत्तरं लांबली आहेत. ते प्रश्न मला तेवढे महत्त्वाचे वाटतात.

वडील ७२ वर्षांचे आहेत. स्वतः आंघोळ करतात, जेवतात. म्हणजे ते स्वावलंबीच ना?

अर्धेच. स्वावलंबन दोन पातळ्यांवर मोजतात. पहिल्या पातळीवर सहा गोष्टी येतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणं, लघवी-संडासवर ताबा आणि आपल्या हातानं जेवणं. डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ही यादी मांडली. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी केली. तीत आठ गोष्टी आहेत: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार.

हातातून आधी सुटते ती ही दुसरी यादी, आणि सुटल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. लाइटबिल मुलगा मोबाइलवरून भरतो, भाजी सून आणते, गोळ्या नात काढून देते. सगळं प्रेमानंच चाललेलं असतं. म्हणून मी घरच्यांना एकच विचारते, 'गेल्या महिन्यात बाबा एकटे कुठं कुठं जाऊन आले?' उत्तर आठवायला वेळ लागला, तर कामाला लागायची वेळ झाली असं समजा.

लोकांत मिसळण्याचा आणि पायांतल्या ताकदीचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथंच सगळी गोम आहे.

जपानमध्ये ६५ वर्षांवरच्या हजारो माणसांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. मंडळं, छंदाचे गट, शेजारपाजारची कामं अशा एकाहून जास्त ठिकाणी जे जात होते, त्यांच्यावर परावलंबी होण्याची वेळ कमी प्रमाणात आली. जेवढी ठिकाणं जास्त, तेवढा धोका कमी. आइची प्रांतातल्या ताकेतोयो गावात तर २००७ पासून ज्येष्ठांसाठी मुद्दाम बैठका सुरू केल्या. गप्पा, खेळ, हलका व्यायाम, बस एवढंच. जे तिथं येत होते, त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत परावलंबित्व कमी दिसलं; जे बैठकांना येत नव्हते, त्यांच्यात जास्त. २०१० मध्ये जगभरच्या १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात तीन लाखांहून जास्त माणसं होती. नातीगोती, मैत्री घट्ट असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

यावर लोक म्हणतात, जो धडधाकट तोच बाहेर पडणार, त्यात नवल काय? शंका रास्त आहे. म्हणूनच असे अभ्यास सुरुवातीची तब्येत, वय, आजार हे सगळं हिशेबात धरून करतात. तेवढं धरूनही फरक उरतोच.

तो कसा पडतो हे मला रोज दिसतं. सहा वाजता कट्ट्यावर दोघं वाट बघणार आहेत, एवढ्या एका कारणानं माणूस दाढी करतो, धुतलेला सदरा काढतो, वाकून चप्पल घालतो, तीन पायऱ्या उतरतो, गल्लीतली मोटारसायकल चुकवतो, काल कोण काय म्हणालं ते आठवतो, हसतो आणि परत पायऱ्या चढतो. यातली एकही गोष्ट मी 'व्यायाम' म्हणून सांगितली असती तर चार दिवसांत बंद पडली असती.

मी रोज पहाटे एकटाच संभाजी तलावाला फेरी मारतो. तेवढं पुरेसं नाही का?

चांगलंच आहे, सोडू नका. पण त्यात दोन गोष्टी राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल करावी. शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. नुसत्या चालण्यानं मांड्यांना आणि तोलाला हवं तेवढं काम मिळत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, ओट्याला धरून टाचा उचला, भिंतीशेजारी एका पायावर उभं राहा.

दुसरी गोष्ट सोबतीची. जपानमधल्याच एका पाहणीत गटाबरोबर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा एकट्यानं करणाऱ्यांत परावलंबित्वाचं प्रमाण जास्त आढळलं. चालताना पुढं कोण, मागं कोण हे रोज तुम्हाला दिसतंच. उद्या त्यातल्या एकाला नमस्कार करा.

आईची ताकद कमी होतेय का, हे घरी कसं कळेल?

हात नसलेली, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईनं दोन्ही हात छातीवर दुमडायचे आणि तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ या वयात बाईच्या दहाहून आणि पुरुषाच्या बाराहून कमी उठाबशा झाल्या, तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. दुसरी चाचणी अशी: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. दोन्ही वेळा शेजारी कुणीतरी उभं राहा.

घड्याळाशिवायही खुणा दिसतात. न करता वजन उतरणं, सारखा थकवा, बरणीचं झाकण न उघडणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. यातली तीन लक्षणं असतील तर डॉक्टर त्याला जर्जरता म्हणतात. एक-दोन असतील तर ती त्याच्या अलीकडची पायरी, आणि तिथून मागं फिरता येतं.

आईला ७६ वर्षं झाली. आता तिला घरातलं काम करू द्यायचं का? लोक नावं ठेवतात.

करू द्या. या एका प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे बसवून ठेवायचं. 'बसा की निवांत, कशाला करताव?' हे वाक्य मी दिवसातून पाच घरांत ऐकते. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण स्नायूला माया कळत नाही, काम कळतं. २००७ मधला एक प्रयोग सांगते. धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतला स्नायूंचा ऐवज सरासरी एक किलोच्या आसपास घटला. आजार नाही, इजा नाही, नुसतं पडून राहणं.

मला हे पुस्तकातून माहीत होतं आणि तरीही मी चुकले. माझी आई मोरीत घसरली. हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार होता. मी तिला दीड महिना काही करू दिलं नाही. पाणी हातात, ताट हातात. इतरांच्या घरी जाऊन 'आजोबा, उठा' म्हणणारी मी, स्वतःच्या आईला 'उठू नको' म्हणत होते, कारण मी घाबरले होते. दीड महिन्यानंतर एका सकाळी ती कमोडवरून उठताना नळाची तोटी धरून स्वतःला ओढताना दिसली. मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'पाय माझं ऐकेनात गं.'

ती परत उभी राहिली ती माझ्या व्यायामांनी कमी, चटणीनं जास्त. दोन घरं पलीकडं बायका दुपारी शेंगाची चटणी कुटायला बसायच्या. मीठ-तिखटाचा अंदाज आईचा. त्यांनी निरोप धाडला, 'काकू, तुम्ही आल्याशिवाय उखळात काही घालत नाही.' पहिल्या दिवशी मी हात धरून नेलं. आठवड्यानं ती काठी घेऊन गेली. पुढं काठी त्यांच्याकडंच विसरून यायला लागली.

तेव्हा आईच्या वाटचं काम ठरवून तिच्याकडंच ठेवा. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं घ्या. सोलापुरी चादर दोघांनी टोकं धरून ताणायची आणि घडी करायची, यात खांदे, पंजे, पाठ, पाय सगळं येतं. भाजी निवडणं, देवाची भांडी घासणं, दुकानातून दही आणणं, हिशेब लिहिणं. तिला वेळ लागेल, लागू द्या. जड हंडा, स्टुलावर चढणं आणि ओली फरशी, एवढं मात्र तिच्याकडून काढून घ्या.

वय ८८. आता व्यायामाचा काय उपयोग?

१९९० मध्ये बॉस्टनच्या डॉ. मारिया फियातारोने यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. उपयोग आहे. फक्त सुरुवात जाणकाराच्या देखरेखीखाली करा.

गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही, म्हणून भजन आणि पंगत दोन्ही सोडली.

भजन सोडू नका, सतरंजी सोडा. मंडळातल्या लोकांना सांगून मागं चार खुर्च्या ठेवायला लावा. एकानं सुरुवात केली की संकोचून घरी बसलेले आणखी तिघं येतात, हे मी तीन-चार देवळांत पाहिलंय. विड्या वळणाऱ्या बायकांचं आयुष्य मांडी घालून, मान खाली घालून गेलेलं असतं. साठीत त्यांचे गुडघे आणि मान दोन्ही बोलायला लागतात. त्यांना तर खुर्ची आधी मिळायला हवी.

गुडघा दुखतो म्हणून हालचाल बंद केली तर मांडीचा स्नायू वाळतो आणि गुडघ्यावरचा भार उलट वाढतो. बसल्या जागी पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. सुजलेला, गरम लागणारा गुडघा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आजोबा चारचौघांत बोलतच नाहीत. विसरायला लागलेत का?

आधी कान तपासा. आपल्या शहरात कितीतरी माणसांनी तीस-चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढली आहेत. एवढ्या आवाजात कान हळूहळू जातो, आणि आधी जातात ते बारीक, उंच स्वर. त्यामुळं 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार असते. मग माणूस चुकीचं उत्तर देतो, समोरचे हसतात, आणि तो गप्प बसायला शिकतो. पुढं कट्टा सुटतो, लग्नकार्यं सुटतात.

एक निवृत्त मागवाले आजोबा मला 'हो, हो' करत दीड महिना व्यायाम करत होते. त्यांना माझं निम्मं कळलेलंच नव्हतं. कानाला यंत्र बसवल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'बाई, हा पंखा असा रोज वाजतो होय?' श्रवणयंत्राची सवय व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या चार दिवसांत डब्यात टाकू नका. मोतीबिंदूचंही तसंच. ऑपरेशन पुढं ढकलत गेलं की माणूस आधी संध्याकाळचं बाहेर पडणं सोडतो.

बाबा निवृत्तीनंतर टीव्हीसमोरून हलत नाहीत. कुठं जा म्हटलं की चिडतात.

'जा' म्हणू नका, काम सांगा. कुणीतरी आपली वाट बघतंय याची ज्या माणसाला चाळीस वर्षं सवय होती, त्याला 'मन रमवा' हे ऐकून अपमान वाटतो. ज्येष्ठ नागरिक संघाला हिशेब बघणारा माणूस लागतो, देवळाला वर्गणीची वही लिहिणारा लागतो, शेजारच्या पोराला गणित शिकवणारा लागतो. मी एका बाबांना सांगितलं, 'आमच्या दोन पेशंटना बँकेत फॉर्म भरता येत नाही, तुम्ही बसाल का मंगळवारी तासभर?' ते आता मंगळवारची इस्त्री सोमवारीच करून ठेवतात.

झोप उडालेली, भूक मेलेली, दोन आठवड्यांहून जास्त उदासी असेल, तर तो हट्ट समजू नका. नैराश्य म्हातारपणीही येतं आणि उपचारानं बरं होतं.

उन्हाळ्यात काय करायचं? मे महिन्यात तर घराबाहेर पाय ठेववत नाही.

पारा ४३-४४ च्या घरात असताना दुपारी कुणीच बाहेर पडू नये. पण एप्रिल-मे दोन महिने घरात बसलं की जूनमध्ये पाय परके होतात. पहाटे साडेपाचला निघून सातपर्यंत परत या. किल्ल्याजवळची बाग, पार्क स्टेडियम, सिद्धेश्वराचा परिसर, जे जवळ पडेल ते. संध्याकाळी गच्चीवर किंवा जिन्यात गप्पांची बैठक करा. वयाबरोबर तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न बघता पाणी, ताक घ्या. लघवी जास्त होण्याची बीपीची गोळी असेल किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

पडण्याची भीती वाटते म्हणून आई बाहेरच जात नाही.

भीतीनं हालचाल घटते, हालचाल घटली की तोल जातो, आणि मग खरंच पडायला होतं. आधी घर सुरक्षित करा. बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बादल्या, पिंप, पाइप, ओली फरशी असा सगळा पसारा असतो. तो दिवस सगळ्यात धोक्याचा. त्या दोन तासांत आईला पाणी भरायला लावू नका आणि वाटेतला पाइप उचलून ठेवा. मोरीत आणि संडासात भिंतीला पक्का दांडा ठोका, टॉवेल अडकवायचा नव्हे. रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. झिजलेली स्लिपर टाकून द्या. अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसून मग उभं राहायचं. चक्कर येत असेल तर सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडं न्या. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांमुळंही तोल जातो.

खाण्यात काय बदल करावा?

प्रथिनं वाढवा. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. कित्येक घरांत आजीचं रात्रीचं जेवण म्हणजे चहात बुडवलेली खारी असते. त्यातून स्नायू होत नाही. मूठभर शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, मोठ्या पेलाभर दुधात ८. कडक भाकरी दातांना झेपत नसेल तर आमटीत कुस्करून, वर शेंगाची चटणी आणि दही. आणि दात नसतील तर कवळी करून घ्या. चावता येत नाही म्हणून चारचौघांत जेवायला न जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

मुलं पुण्यात, आई इथं एकटी. आम्ही लांबून काय करू शकतो?

'जेवलीस का?' याऐवजी 'आज कुणाला भेटलीस?' असं विचारा. शेजारच्या एका घराशी पक्कं ठरवून ठेवा, की सकाळी दार उघडलं नाही तर हाक मारतील. आईला पुण्याला कायमचं नेण्याआधी शांतपणे विचार करा. तिथं तुमचं घर असेल, पण तिची गल्ली नसेल.

बाहेर पडायला पैसे लागतात. काही सवलती?

एसटीत ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढं प्रवास मोफत. महिलांना २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आपल्या हाताच्या अंतरावर आहेत. चौघी मिळून जा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदा मिळतात. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर रुग्णालयातल्या उपचारांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. घरात हाल होत असतील, कुणी दुर्लक्ष करत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. २००७ च्या कायद्यानुसार आई-वडील मुलांकडं निर्वाह मागू शकतात.

८२ वर्षांच्या आजोबांना गड्ड्याच्या जत्रेत (सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत) न्यावं का? गर्दीची भीती वाटते.

न्या. ज्यांनी जन्मभर नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मागं चालत संक्रांत केली, त्यांना टीव्हीवर मिरवणूक दाखवणं मला क्रूर वाटतं. पण तयारी करून न्या. महिनाभर आधीपासून रोज थोडं थोडं चालणं वाढवा. जत्रा भरते ते होम मैदान संध्याकाळी टाळा, सकाळची, कमी गर्दीची वेळ निवडा. मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीच्या घराचा ओटा आधीच ठरवा. रिक्षा शक्य तितकी जवळ लावा. बुटांच्या नाड्या तपासा, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, संडास कुठं आहे ते आधी बघून या. बाराबंदी (मिरवणुकीचा पांढरा पोशाख) घालायची म्हणाले तर घालू द्या, वर स्वेटर द्या. आणि घडीची खुर्ची सोबत न्या, पण ती कधी उघडायची ते त्यांना ठरवू द्या.